अकरावी चिठ्ठी

‘परुळेकरबाई, तुम्ही फक्त टाइप करायचं. वाचायचं नाही,’ डॉ. सबनीस म्हणाले आणि दार ओढून घेऊन निघून गेले.

न वाचता टाइप करायचं! नलिनीला हसूच आलं. बावीस वर्षं टाइपरायटर बडवून बोटं आपोआप चालायला लागली होती हे खरं, पण कागद डोळ्यांनाच बघावा लागतो ना? एवढा शिकलेला माणूस आणि बोलतो काय!

भांडुपच्या त्या व्हॉल्व्हच्या कंपनीत सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत हे नवीनच खूळ सुरू झालं होतं. वर्क्स मॅनेजर, सेल्स मॅनेजर, अकाउंट्सचे मॅनेजर अशा तीन मोठ्या साहेबांना सबनीस दर गुरुवारी एकेकटं घेऊन बसायचे. दार बंद, फोन बंद, तासभर नुसतं बोलणं. साहेबाने साहेब कसं व्हावं ते शिकवायला बाहेरून माणूस आणला म्हणून टेलिफोनवरच्या प्रेमा नावाच्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, ‘साहेबांची शिकवणी’. ते नाव दोन दिवसांत गेटपर्यंत पोचलं.

या शिकवणीसाठी सबनीसांनी प्रत्येक साहेबाच्या हाताखालच्या बारा माणसांना कोरे कागद वाटले होते. वर एकच प्रश्न होता, ‘साहेबांना कुणी सांगत नाही, पण सांगायला हवी अशी एक गोष्ट लिहा. नाव लिहू नका.’ अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या चिठ्ठ्या टाइप व्हायच्या आणि मूळ कागद फाडायचे. कंपनीत मराठी मशीन एकच, ते पर्सोनेल खात्यात, आणि त्यावर बसणारी बाई एकच. साहेबांपासून लपवलेलं प्रत्येक अक्षर नलिनीच्या मात्र ओळखीचं होतं. रजेचे अर्ज, ओव्हरटाइमच्या स्लिपा, सगळं तिच्याच हाताखालून जायचं. सबनीसांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

वर्क्स मॅनेजर टिपणीससाहेबांच्या दहा चिठ्ठ्या तिने खडाखड उतरवल्या. ‘साहेब फार लवकर चिडतात.’ ‘साहेब बघतो म्हणतात, बघत नाहीत.’ एकाने कॅन्टीनच्या उसळीबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. अकरावी उचलली आणि तिचा हात थांबला.

जाड शिसपेन्सिल, मोजपट्टीने आखल्यासारखी अक्षरं. टूलरूमचे सहदेव राणे.

‘साहेब, तीन नंबरचं फिक्स्चर मी केलं. १९७१ साली. तुम्हाला ठाऊक आहे. मला पैसे नकोत, पाटी नको. ३१ मार्चला मी रिटायर होणार. त्याच्या आत एकदा चार माणसांत सांगा. बस.’

नलिनीने चिठ्ठी पालथी ठेवली. परत उलटली. परत वाचली.

तीन नंबरचं फिक्स्चर म्हणजे ड्रिलिंग मशीनवर व्हॉल्व्हची बॉडी पकडून ठेवणारा लोखंडी साचा. पूर्वी एक बॉडी तीनदा सोडून तीनदा बांधावी लागायची, या साच्यात एकदाच. त्याच्यावर पितळी पाटी होती, ‘टिपणीस फिक्स्चर’. त्या एका साच्यावर ज्युनिअर इंजिनिअर विद्याधर टिपणीसांचं नाव झालं, आणि ते पायरी पायरी चढत वर्क्स मॅनेजर झाले. सोळा वर्षं सगळी कंपनी त्याला टिपणीस फिक्स्चर म्हणत होती. सहदेवसुद्धा.

आता सहदेवदादा काही परका नव्हता. तिच्या माहेरच्या गावचाच, वेंगुर्ल्याकडचा. इथे जागा निघाली आहे ही खबर त्यानेच तिच्या वडिलांना दिली होती, आणि मुलाखतीला स्वतः बरोबर आला होता. आणि टिपणीससाहेब? नऊ वर्षं ती त्यांची स्टेनो होती. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा आठ महिने साहेबांनी तिला रोज चार वाजता घरी सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘मी पाठवलंय बाहेर कामाला.’ नवरा गेला तेव्हा मुलुंडच्या स्मशानात एक कोपरा धरून शेवटपर्यंत उभे होते. असं माणूस मिळत नाही हो.

आणि नेमकं आदल्याच दिवशी प्रेमाने येऊन सांगितलं होतं, ‘ए नलिनी, ऐक ना. तिघांतला एक जनरल मॅनेजर होणार, एक एप्रिलला ऑर्डर. आणि त्या चिठ्ठ्यांची फाइल वर एम.डी.कडे जाते हां. गुप्त-बिप्त सगळं झूठ. ज्याची फाइल खराब त्याची वाट लागली समज.’

नलिनी उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. पाणी प्यायली. मग मशीनमध्ये कागद चढवला आणि टाइप केलं, ‘साहेबांनी जुन्या कामगारांच्या कामाचं चार माणसांत कौतुक करावं.’

काय वाईट होतं त्यात? अर्थ तोच की, ती स्वतःला म्हणाली. फक्त धार काढून टाकली.

संध्याकाळी सबनीसांनी विचारलं, ‘मूळ कागद फाडले सगळे?’

‘हो.’

पस्तीस फाडले होते. छत्तिसावा तिच्या शॉर्टहँडच्या वहीच्या पुठ्ठ्यात होता. का ठेवला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. फाडायला म्हणून घेतला होता, हातच धजला नाही.

त्या दिवसापासून तिला चैन म्हणून पडेना. वही ड्रॉवरमध्ये ठेवली तर वाटायचं कुणी उघडेल, पर्समध्ये ठेवली तर पर्स हरवेल. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. टूलरूमवरून जायचं असलं तर स्टोअरला वळसा घालून जायची. प्रेमा म्हणालीसुद्धा, ‘काय गं, तुला काय मांजर आडवं जातं काय रोज?’

मार्चच्या मध्यावर टिपणीससाहेब स्वतः पर्सोनेलमध्ये आले. कसलीतरी नोटीस द्यायची होती, पण रेंगाळले.

‘काय परुळेकरबाई, आमच्या शिकवणीची तुम्हाला गंमत वाटत असेल ना?’

‘नाही साहेब.’

‘सबनीस मोठा बिलंदर माणूस आहे. काल म्हणतो, टिपणीस, तुमची अकरावी चिठ्ठी फार गुळगुळीत आहे. जिवंत माणूस असं लिहीत नाही.’ साहेब हसले, पण तिच्याकडे न बघता. ‘दर बैठकीत तेच विचारतो, असं काय आहे की जे तुम्हाला कुणीच सांगत नाही? आता कुणी सांगतच नाही तर मला कसं कळणार, सांगा बघू!’

नलिनीला वाटलं, आत्ता सांगावं. वही समोरच होती. ‘साहेब...’ ती म्हणाली.

‘बोला.’

‘नोटीस किती प्रतींत काढू?’

‘सहा,’ म्हणून साहेब गेले. आणि ही बया स्वतःलाच शिव्या देत बसली.

एकतीस मार्च मंगळवारी आला. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सहदेव राणेचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. सहदेवने पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीची घडी दिसत होती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण खुर्चीत असा ताठ बसला होता की जणू त्याची परीक्षा आहे. नलिनी मुद्दाम मागे खांबाजवळ उभी राहिली.

टिपणीससाहेब बोलायला उठले. आणि काय बोलले! एरवी चार वाक्यांत आटपणारा माणूस, आज पंधरा मिनिटं बोलला. ‘मला कुणीतरी सुचवलं, की जुन्या माणसांचं कौतुक चार माणसांत करायला हवं. बरोबर आहे ते. आम्ही करत नाही. चुकतं आमचं.’ मग त्यांनी टूलरूमच्या सगळ्या जुन्या माणसांची नावं घेतली. सहदेवच्या वेळेवर येण्याचं कौतुक झालं, सचोटीचं झालं, हाताखाली तयार झालेल्या पोरांचं झालं. ‘अशा माणसांच्या खांद्यावर कंपनी उभी असते,’ साहेब म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

नलिनी साहेबांकडे बघतच नव्हती. ती सहदेवकडे बघत होती. भाषण सुरू झालं तसा तो थोडा पुढे सरकला होता. हात गुडघ्यांवर. प्रत्येक वाक्याला त्याची मान किंचित वर व्हायची, आता येईल, आता येईल. खांद्यांचं वाक्य आलं, टाळ्या झाल्या, साहेब खाली बसले. सहदेव हळूच मागे टेकला. चार शब्द बोला म्हणाले तेव्हा उभा राहून म्हणाला, ‘माझं काय म्हणणं नाय. सगळ्यांनी हात सांभाळून काम करा.’ एवढंच.

हात धुवायच्या नळापाशी त्याने तिला गाठलं.

‘नलू, त्यो चिठ्ठ्यो तूच टायप केलंस मां?’

‘होय.’

‘माझी साहेबांपर्यंत पोचली?’

नळ वाहत होता. नलिनीने तो बंद केला. ‘पोचली,’ ती म्हणाली.

‘बरां झाला.’ त्याने ओले हात रुमालाला पुसले, एकेक बोट नीट. ‘म्हणजे वाचून बोलले नाय. माका वाटला, पोचलीच नाय की काय. जाव दे. मी लिवलंय, त्येनी वाचल्यानी. झाला.’

आणि तो टूलरूमकडे गेला.

नलिनी तिथेच उभी राहिली. मेलीने केलं काय होतं! साहेबांना वाचवायला गेली आणि त्याच साहेबांना सहदेवच्या नजरेत कायमचं पाडून बसली. चिठ्ठी वाचूनही गप्प बसलेला माणूस म्हणून सहदेव त्यांना मनात घेऊन आता गावाला जाणार होता. आणि हे सगळं तिच्या एका ‘पोचली’मुळे.

जागेवर येऊन बसली तर समोर गेटपासचा कागद. कामगाराला स्वतःची हत्यारं कंपनीबाहेर न्यायची असली की यादी टाइप करायची, वर्क्स मॅनेजरची सही घ्यायची, आणि गेटवर वॉचमन एकेक वस्तू मोठ्याने वाचून तपासणार. सहदेवची यादी त्याच्याच शिसपेन्सिलीत होती. टूलबॉक्स एक. हातोडी दोन. कानशी सात. व्हर्निअर एक. तीच आखीव अक्षरं. नलिनीने यादी टाइप केली तेव्हा तीन वेळा चुकली, बावीस वर्षांत कधी नाही ते. साडेतीनला पहिली पाळी सुटणार होती. तीनला पाच कमी असताना ती कागद आणि वही घेऊन जिना चढली.

साहेब खुशीत होते. ‘या या. काय, बरं झालं ना भाषण?’

तिने गेटपास समोर ठेवला. त्यावर वहीच्या पुठ्ठ्यातून काढलेली चिठ्ठी ठेवली.

‘ही तुमची अकरावी चिठ्ठी, साहेब. खरी. तुम्हाला दिली ती माझी होती.’

टिपणीसांनी चष्मा चढवला. तीन ओळी वाचायला किती वेळ लागतो? त्यांना फार वेळ लागला. पंखा फिरत होता, टेबलावरचे कागद उडत होते, ते दाबून ठेवायचंही त्यांना सुचेना.

‘का केलंत असं?’

‘फाइल वर जाणार होती. जनरल मॅनेजर म्हणून तुमचं... मला वाटलं, यांचं वाटोळं होईल.’

‘मला वाचवलंत तुम्ही?’ त्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. ‘अहो बाई, मला काय हे माहीत नव्हतं? एकाहत्तर साली तेव्हाचे जनरल मॅनेजर मशीनशॉपमध्ये आले, साच्याला हात लावून म्हणाले, टिपणीस, तुझं का हे? मी हो म्हणालो नाही. नाहीपण म्हणालो नाही. सहदेव शेजारीच उभा होता. बास, तेवढंच झालं. दुसऱ्या महिन्यात पाटी लागली.’

नलिनीने टेबलावरचे उडणारे कागद दाबून धरले.

‘चिठ्ठ्या हातात येईपर्यंत दर गुरुवारी तो सबनीस समोर बसून विचारत होता. दर वेळी वाटायचं, आता चिठ्ठी येईल, आता कुणीतरी म्हणेल. तुमची ती गुळगुळीत चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, सहदेव विसरला. सुटलो! म्हणून तर मघाशी एवढा मोकळा होऊन बोललो मी. त्याच्यासमोर!’ त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ‘काय वाटलं असेल त्याला?’

ते उठले. दार उघडून जिन्यापर्यंत गेले. खालून मशीनचा आवाज येत होता. दोन पायऱ्या उतरले आणि कठडा धरून थांबले. नलिनी दारातून बघत होती. एवढी शिकवणी झाली, पण तेवढा एक जिना माणसाला उतरवेना. परत आले तेव्हा पाच मिनिटांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

‘नाही जमत हो,’ ते म्हणाले. मग गेटपास ओढून घेतला, यादीच्या खाली स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं, सही केली. ‘हे गेटवरच्या भाऊरावला द्या. म्हणावं, नियमाप्रमाणे पूर्ण वाचायचं. एक शब्द गाळायचा नाही. आणि वर काय ठरायचं ते ठरू दे.’

कार्बनची प्रत आधीच काढलेली होती, तिच्यावर ते अक्षर उमटलं नाही. तिने वाटेत कागद वाचला, आणि उरलेला जिना जवळजवळ धावतच उतरली.

गेटवर ही गर्दी. पहिली पाळी बाहेर पडायला उभी, दुसरी आत यायला. सहदेव टूलबॉक्स पायाशी ठेवून रांगेत. शाल घडी करून बॉक्सवर, वर घड्याळ. भाऊराव वॉचमनच्या हातात पास देऊन ती सहदेवकडे गेली. आता थांबली असती तर कधीच बोलली नसती.

‘दादा, मघाशी मी खोटा बोललंय. तुमची चिठ्ठी पोचली नव्हती. मी बदललंय ती.’

सहदेवने विचारलं, ‘कित्याक गो?’

‘साहेबांची बढती होती. म्हटलं, त्यांचा नुकसान नको.’

‘आणि माझा?’

त्याने रागाने नाही विचारलं. खरोखरच माहीत करून घ्यायचं असावं तसं विचारलं. तेवढ्यात भाऊरावने हाक मारली, ‘राणे सहदेव! या पुढे.’

भाऊराव खणखणीत वाचायचा. ‘टूलबॉक्स एक. हातोडी दोन. कानशी सात.’ दुसरा वॉचमन एकेक वस्तू उचलून परत ठेवत होता. ‘व्हर्निअर एक. बरोबर.’ मग तो अडखळला, कागद डोळ्यांजवळ नेला. ‘खाली साहेबांनी लिवलंय. वरील सामान सहदेव राणे यांचं स्वतःचं आहे. शॉपमधलं तीन नंबरचं फिक्स्चरही त्यांनीच केलेलं आहे. ते मी केलेलं नाही. ते मात्र कंपनीत राहील. विद्याधर टिपणीस.’

साडेतीनचा भोंगा झाला. दुसऱ्या पाळीतलं कुणीतरी ओरडलं, ‘काय? काय वाचलं?’ कुणी म्हणालं, ‘चला रे, उशीर झाला.’

सहदेव जागचा हलला नाही. भोंगा पूर्ण थांबेपर्यंत थांबला. मग म्हणाला, ‘भाऊराव, परत वाच.’

‘काका, लाइन बघा केवढी लागलीय!’

‘परत वाच.’

भाऊरावने परत वाचलं, आणखी मोठ्याने. या वेळी आजूबाजूची दहा-बारा माणसं गप्प झाली. टूलरूमच्या एका फिटरने डोक्यावरची टोपी काढली आणि का काढली ते न कळून परत घातली.

‘तो कागद माका मेळात?’ सहदेवने विचारलं.

‘नाय काका. पास गेटवरच जमा.’ भाऊरावने कागद टेबलावरच्या उभ्या तारेत खोचला. त्यावर लगेच पुढच्याचा पास बसला, कॅन्टीनच्या रिकाम्या पिंपांचा.

सहदेव टूलबॉक्स उचलून गेटबाहेर पडला. मागे वळून बघितलं नाही.

नलिनी वर आली. कार्बनची प्रत फाइलला लावायची होती. ती तिने मशीनमध्ये चढवली, आणि यादीच्या खाली साहेबांचं वाक्य टाइप केलं. तीन वेळा पाठ म्हणत गेटवरून आली होती, एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. पत्राच्या तळाला टायपिस्टने आपली आद्याक्षरं टाकायची पद्धत असते. चिठ्ठ्यांवर सबनीसांनी ती बंद केली होती. आज तिने टाकली, न. प. मग प्रत फाइलला न लावता पर्समध्ये घातली आणि साडेपाचला मुलुंडची बस सोडून सहदेवच्या घराकडे, टेंभीपाड्याच्या चढाला लागली.

सहदेव ओट्यावर बसला होता. वर्तमानपत्र पसरून त्यावर सातही कानशी ओळीने मांडल्या होत्या, आणि एकेक पुसून तेल लावत होता. तिने कागद पुढे केला. त्याने हात धोतराला पुसले, कागद घेतला, उजेडाकडे धरून वाचला. शेवटी येऊन बोट ठेवलं.

‘न. प. ह्यां काय?’

‘मी.’

त्या दोन अक्षरांवरून त्याने बोट फिरवलं. मग कागदाची घडी घातली, टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात, व्हर्निअरच्या खाली ठेवली, आणि परत कानस हातात घेतली.

नलिनी उभीच होती. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

‘जानकी,’ त्याने खाली मान घालूनच आत बायकोला हाक मारली, ‘पाणी हाड गो. नलू चढ चढून इली हा.’